एका हिरव्या शेवाळाची ओळख



'शेवाळ' हा शब्द आपण मराठी माणसे फार सैल हाताने वापरतो. विहिरीच्या पायरीवरून पाय घसरला, तर तो शेवाळाने. पावसाळ्यात परसातल्या भिंतीवर हिरवे मखमली अस्तर चढले, तर ते शेवाळ. तळ्याच्या पाण्यावर हिरवा थर धरला, तर तेही शेवाळ. आणि कोकणच्या किनाऱ्यावर ओहोटीने खडक उघडे पडले की त्यांवर जे हिरवेगार पसरलेले दिसते, त्यालाही आपण शेवाळ म्हणतो आणि पुढे चालू लागतो. वस्तुतः भिंतीवरचे ते अस्तर पुष्कळदा मॉस या निराळ्याच वर्गातील वनस्पतींचे असते, आणि तळ्यातील हिरव्या तंतूंचे व समुद्रातील खडकांवरच्या पात्यांचे नाते फार दूरचे असते. एका शब्दात इतक्या वस्तू कोंबल्या, म्हणजे त्यांपैकी एकही नीट पाहण्याची गरज वाटेनाशी होते. आजच्या भाषणात या गर्दीतून एकच वनस्पती वेगळी काढून तिची ओळख करून द्यावी, असा माझा विचार आहे. तिचे शास्त्रीय नाव उल्वा.

दिल्लीत बसून समुद्रातील वनस्पतीविषयी बोलावे, याचे काही श्रोत्यांना नवल वाटेल. दिल्लीहून कोणत्याही दिशेने निघा, समुद्र शेकडो किलोमीटर दूरच. परंतु किनाऱ्यासंबंधीचे पुष्कळ निर्णय याच शहरात होतात. आणि दुसरे असे की, दिल्लीला समुद्र नसला तरी दिल्लीचे पाणी अखेर समुद्रालाच जाऊन मिळते. त्या गोष्टीकडे मी ओघाने येईनच.

प्रथम ही वनस्पती पाहावी कशी, ते सांगतो. समुद्रावर जायचे ते ओहोटीला, आणि साधले तर उधाणाच्या दिवसांतील ओहोटीला. भरतीची वेळ काढण्याचे कोकणातले गणित सोपे आहे. तिथीचा आकडा घ्यावा आणि त्याची पाऊणपट करावी. अष्टमीला आठाची पाऊणपट सहा, म्हणून सहाच्या सुमारास भरती. पौर्णिमेला आणि अमावास्येला पंधराची पाऊणपट सव्वाअकरा, म्हणून दुपारी बाराच्या आधीमागे भरती. भरतीनंतर सुमारे सहा तासांनी ओहोटी लागून पुरी होते. याचा अर्थ, पौर्णिमा-अमावास्येच्या आसपास सूर्योदयाच्या आणि सूर्यास्ताच्या सुमारास समुद्र पुष्कळ आत गेलेला असतो, आणि एरवी पाण्याखाली राहणारे खडक उघडे पडतात. अलिबागला कुलाबा किल्ल्यात ज्या ओहोटीने पायी जाता येते, तीच ओहोटी आपल्या कामाची. ऋतू म्हणाल, तर पावसाळा ओसरून समुद्र निवळल्यावरचा. स्थूलमानाने दिवाळीपासून शिमग्यापर्यंतचा. रत्नागिरी, हरणे, मालवण, किंवा मुंबईतच वांद्र्याचे खडक, कोठेही गेलात तरी उल्वा शोधावी लागत नाही. ती पायाखाली येते, आणि बेसावध माणसाला पाडतेही.

आकाशवाणीवरून वनस्पती दाखविता येत नाही. म्हणून हाताला काय कळते, ते सांगतो. रंग कोवळ्या केळीच्या पानासारखा, पोपटीकडे झुकणारा. पाते इतके पातळ की ओल्या पतंगाच्या कागदाची आठवण व्हावी. उजेडाकडे धरले, तर पलीकडची बोटे अंधुक दिसतात. पाण्याबाहेर ते मलूल होऊन चिंधीसारखे लोंबते आणि पाण्यात सोडताच पुन्हा उलगडते. कडा झालरीसारख्या दुमडलेल्या. आता त्यात शिरा शोधा, सापडणार नाहीत. देठ शोधा, तोही नाही. मूळ तर नाहीच. खडकाला चिकटून राहण्यासाठी तळाशी एक लहानशी चकती तेवढी असते. पाते एवढे सर्व बाजूंनी पाणी आणि क्षार शोषून घेते की, मुळांचे आणि शिरांचे तिला कामच उरत नाही. सूक्ष्मदर्शकाखाली त्याचा आडवा छेद पाहिला, तर पेशींचे अवघे दोन थर दिसतात. तळहाताएवढे, क्वचित हातभर लांब असे पाते, आणि त्याची जाडी दोन पेशींची! गीतेत 'उल्ब' असा एक शब्द आला आहे. गर्भावरील पातळ वेष्टनाला तो वापरतात. लॅटिनमधील 'उल्वा' हा शब्द मुळात दलदलीतल्या गवतासारख्या वनस्पतींचा, आणि या दोन शब्दांचे काही नाते आहे असे माझे म्हणणे नाही. पण लक्षात ठेवायला हे नाद-साम्य फार सोयीचे आहे.

हिच्यासारख्या दिसणाऱ्या इतर वनस्पतींपासून ती वेगळी काढता आली, म्हणजेच ओळख पुरी झाली. मोनोस्ट्रोमा नावाचे एक हिरवे शैवाल हुबेहूब हिच्यासारखे दिसते. मात्र त्यात पेशींचा एकच थर असतो, आणि पाते आणखी नाजूक लागते. खडकावर हिरव्या केसांची किंवा ताठर दोऱ्यांची गुंतवळ दिसली, तर ते बहुधा किटोमॉर्फा. आडव्या पसरणाऱ्या दोरीवरून उभी, पिसासारखी पाने फुटलेली दिसली, तर ते कौलर्पा. आणि पाते चपटे नसून पोकळ नळीसारखे, आतड्यासारखे असेल, तर? त्याला पूर्वी एन्टेरोमॉर्फा असे स्वतंत्र नाव होते. या नावाचा अर्थच 'आतड्याच्या आकाराचे' असा. महाविद्यालयात वनस्पतिशास्त्र शिकलेल्या श्रोत्यांनी उल्वा आणि एन्टेरोमॉर्फा या दोन प्रजाती वेगवेगळ्या म्हणून पाठ केल्या असतील.

येथून नावांची कथा सुरू होते, आणि ती मोठी मनोरंजक आहे. १७५३ साली स्वीडनचा निसर्गशास्त्रज्ञ लिनियस याने चपटी आणि नळीची अशी दोन्ही शैवाले 'उल्वा' या एकाच नावाखाली ठेवली. एकोणिसाव्या शतकात विद्वानांनी त्यांची फारकत केली. चपटे ते उल्वा, पोकळ ते एन्टेरोमॉर्फा. डोळ्यांना पटणारी ही वाटणी जवळजवळ दोनशे वर्षे टिकली. पुढे आनुवंशिक द्रव्याची तुलना करता येऊ लागली, तेव्हा असे दिसले की, नळीची काही शैवाले इतर नळ्यांपेक्षा चपट्या पात्यांच्या अधिक जवळची आहेत. २००३ साली या दोन प्रजाती पुन्हा एक करण्यात आल्या, आणि तो निर्णय देणाऱ्या निबंधाच्या मथळ्यातच लिनियसचे मूळचे म्हणणे खरे होते, असे मान्य केलेले आहे.

याच लिनियसने चपट्या पात्याला 'उल्वा लॅक्टुका' हे नाव दिले होते. लॅक्टुका म्हणजे सॅलडचा पाला. इंग्रजीत याच वनस्पतीला सी लेट्यूस म्हणतात. पुढे १८१३ साली दलील नावाच्या फ्रेंच वनस्पतिशास्त्रज्ञाने इजिप्तमधील अलेक्झांड्रियाच्या किनाऱ्यावरील लांब, फितीसारख्या पात्यांच्या उल्वेला 'उल्वा फॅसिआटा' असे दुसरे नाव दिले. तिच्या फितीच्या मधोमध पुष्कळदा एक फिकट पट्टा दिसतो. आपल्या देशात समुद्री शैवालांची शास्त्रशुद्ध मोजदाद विसाव्या शतकात होऊ लागली. मद्रासचे एम. ओ. पी. अय्यंगार हे या शास्त्राचे भारतातील आद्य आचार्य. आणि डेन्मार्कचे बर्गेसेन यांनी मुंबई इलाख्याच्या किनाऱ्यावरील हिरव्या व तपकिरी शैवालांविषयी १९३० साली लिहिले. आपल्याकडच्या जुन्या याद्यांत लॅक्टुका आणि फॅसिआटा या दोन जाती वेगळ्या धरलेल्या आढळतात.

लिनियसचा मूळ वाळविलेला नमुना लंडनच्या लिनियन सोसायटीत आजही जपून ठेवलेला आहे. २०१९ साली त्या नमुन्याच्या अंशाची आनुवंशिक तपासणी प्रसिद्ध झाली, आणि निष्कर्ष अनपेक्षित निघाला. तो नमुना युरोपच्या थंड किनाऱ्यावरील जातीचा नव्हताच. तो उष्ण समुद्रातील जातीचा होता. ज्या जातीला जग 'फॅसिआटा' म्हणत होते, तिचाच. म्हणजे उत्तर युरोपातील लोक पिढ्यान्‌पिढ्या आपल्या किनाऱ्यावरील ज्या वनस्पतीला 'लॅक्टुका' म्हणत आले, तिचे ते नाव नव्हे. तिला आता 'फेनेस्ट्राटा' म्हणतात. आणि आपल्यासारख्या उष्ण किनाऱ्यांवरील फितीच्या उल्वेला जुने, मानाचे 'लॅक्टुका' हे नाव मिळते. कागदावर नाव लिहिलेले असले, म्हणजे वस्तू ओळखली गेली असे होत नाही. कागदाखालची वस्तू पुन्हा पाहावी लागते. सरकारी कचेरीत आयुष्य काढलेल्या माझ्यासारख्या माणसाला ही गोष्ट विशेष जवळची वाटते.

मग केवळ डोळ्यांनी पाहून जात निश्चित सांगता येते का? पुष्कळदा येत नाही, आणि त्याचे कारण या वनस्पतीच्या स्वभावातच आहे. लाटांच्या माऱ्यात, संथ डबक्यात, गोडे पाणी मिसळते तेथे, अशा निरनिराळ्या ठिकाणी एकच जात निरनिराळी रूपे घेते. याहून विलक्षण गोष्ट प्रयोगशाळेत दिसून आली. उल्वेच्या अंगावर नेहमी राहणारे जीवाणू सर्वस्वी काढून टाकून तिला निर्जंतुक पाण्यात वाढविले, तर तिचे पातेच बनत नाही. पेशींचा एक वेडावाकडा पुंजका तेवढा वाढतो. प्रोव्हासोली या शास्त्रज्ञाने उल्वेवरील अशा प्रयोगांचे निष्कर्ष १९५८ साली मांडले. २००५ साली जपानी संशोधकांनी मोनोस्ट्रोमाच्या बाबतीत असा आकार घडविणारे, जीवाणूंनी तयार केलेले एक द्रव्यही शोधून काढले. आपण ज्या आकारावरून तिला ओळखतो, तो आकारदेखील तिला तिच्या सोबत्यांकडून मिळतो.

तिचा वंशविस्तारही पाहण्याजोगा आहे. हंगामात पात्याच्या कडा पिवळसर, शेवाळी-तपकिरी होतात आणि काही दिवसांनी पांढऱ्या पडून झिजतात. ही कीड किंवा रोग नव्हे. कडेच्या पेशींतून सूक्ष्म बीजकोश बाहेर पडलेले असतात, आणि रिकाम्या पेशींची ती पांढरी कड असते. अनेक किनाऱ्यांवर ही सुटका उधाणाच्या दिवसांशी जुळते. उल्वेच्या पात्यांत दोन पिढ्या आलटून पालटून येतात. एका पिढीच्या पात्यातून दोन शेपट्यांच्या पेशी निघतात. त्या नर व मादी असून जोडीने एकत्र येतात. दुसऱ्या पिढीच्या पात्यातून चार शेपट्यांच्या पेशी निघतात; त्या कोणाशीही न जुळता एकट्याच रुजतात. ज्यांना जोडीदार शोधायचा आहे त्या पेशी उजेडाकडे, म्हणजे पाण्याच्या पृष्ठभागाकडे पोहतात; ज्यांना खडक गाठायचा आहे त्या उजेडाकडे पाठ फिरवून खाली जातात. आणि एवढे सारे भिन्न असूनही या दोन पिढ्यांची पाती शेजारी ठेवली, तर नुसत्या डोळ्यांना कोणती कोणती ते सांगता येत नाही.

आता व्यवहाराकडे येऊ. आपल्या स्वयंपाकघरात येणारे चायना ग्रास हे लाल शैवालांपासून मिळते, उल्वेपासून नव्हे. परंतु उल्वाही खाद्य आहे. जपानात नळीच्या उल्वेचा वाळविलेला चुरा 'आओनोरी' या नावाने पदार्थांवर भुरभुरतात. तिच्यात प्रथिने आहेत, खनिजे आहेत. तिच्या भिंतींतून मिळणाऱ्या 'उल्वान' या चिकट द्रव्याचा औषधांच्या व शेतीच्या दृष्टीने अभ्यास चालू आहे. भावनगरला १९५४ साली स्थापन झालेल्या केंद्रीय मीठ व समुद्री रसायन संशोधन संस्थेने आपल्या देशात समुद्री शैवालांवर मोलाचे काम केले आहे. २०२० साली सुरू झालेल्या प्रधानमंत्री मत्स्यसंपदा योजनेत समुद्री शैवालांच्या लागवडीला स्थान मिळाले. हे सर्व स्वागतार्ह आहे. किनाऱ्यावरच्या कोळीवाड्यांतील कुटुंबांना मासळीच्या जोडीला आणखी एक आधार मिळाला, तर कोणाला नको आहे?

मात्र येथेच ओळखीचा प्रश्न पोटापाण्याचा प्रश्न होतो. उल्वा पाण्यातले जे मिळेल ते शोषते. पाण्यात शिसे, कॅडमियम यांसारखे जड धातू असले, तर तेही तिच्या अंगात साठतात. म्हणूनच पाण्याची परीक्षा करण्यासाठी तिचा उपयोग करतात. स्वच्छ किनाऱ्यावर जी वनस्पती अन्न आहे, तीच सांडपाण्याच्या नाल्याच्या तोंडाशी अन्न राहत नाही. दोन्हीकडे रंग तोच हिरवागार, आणि नाल्याच्या तोंडाशी तर अधिकच टवटवीत! कारण नत्र आणि स्फुरद ही पिकांची खते तिलाही तितकीच मानवतात.

ती फार मानवली म्हणजे काय होते, याची उदाहरणे जगात आहेत. २००८ साली चीनमध्ये ऑलिंपिक सामने भरले, तेव्हा शिडाच्या होड्यांच्या शर्यती चिंगदाओ या बंदरात होणार होत्या. सामन्यांच्या तोंडावर तेथला समुद्र उल्वेच्या एका जातीने असा भरून गेला की, हजारो सैनिकांनी व नागरिकांनी मिळून दहा लाख टनांहून अधिक ओले शैवाल बाहेर काढले, तेव्हा शर्यती होऊ शकल्या. पीत समुद्रात अशी हिरवी लाट जवळजवळ दर उन्हाळ्यात येऊ लागली आहे. तिच्या उगमाचा माग काढता काढता अभ्यासक दक्षिणेकडील च्यांगसू प्रांताच्या किनाऱ्याशी पोहोचले. तेथे खाण्याच्या लाल शैवालाची, म्हणजे नोरीची, मोठी लागवड होते. त्या लागवडीच्या दोरांवर व बांबूंवर उल्वा आपोआप रुजत असे. साफसफाईत ती खरवडून पाण्यात टाकली जाई, आणि खतावलेल्या पाण्यात तरंगत वाढत उत्तरेकडे जाई. शैवालाची शेती करू पाहणाऱ्या प्रत्येक देशाने हा धडा आधी वाचून ठेवावा.

दुसरे उदाहरण फ्रान्समधील ब्रिटनी प्रांताचे. तेथील दाट पशुपालनाच्या शेतांतून नत्र ओढ्यानाल्यांवाटे उथळ उपसागरांत येते, आणि उन्हाळ्यात किनाऱ्यावर उल्वेचे ढीग साचतात. ढिगाचा वरचा थर उन्हाने वाळून पापुद्रा धरतो. खाली हवा न मिळाल्याने ती कुजते आणि हायड्रोजन सल्फाइड हा विषारी वायू कोंडून राहतो. पापुद्रा पायाखाली फुटला की तो एकदम बाहेर येतो. २००९ साली तेथे एक घोडा अशा ढिगात मरण पावला आणि त्याचा स्वार बेशुद्ध पडला. २०११ साली एका खाडीच्या मुखाशी छत्तीस रानडुकरे मेलेली आढळली. लोकांनी प्रथम शेवाळालाच दोष दिला. वास्तविक शेवाळाने पाण्यात जे आले होते, ते सर्वांच्या नजरेस आणून दिले होते.

आता दिल्लीचे. यमुना सुमारे १,३७६ किलोमीटर लांबीची नदी. त्यांपैकी वजीराबादपासून ओखल्यापर्यंतचा दिल्लीतील पट्टा जेमतेम २२ किलोमीटरांचा. एवढ्याशा अंतरात शहराचे सांडपाणी तिला मिळते. ओखल्याजवळ जलपर्णी माजते, दिवाळीच्या सुमारास पाण्यावर पांढरा फेस तरंगतो, आणि छटपूजेला आलेली माणसे त्या फेसात उभी राहून सूर्याला अर्घ्य देतात. हे पाणी प्रयागराजला गंगेत जाते आणि गंगेबरोबर बंगालच्या उपसागराकडे. मुंबईची मिठी माहीमच्या खाडीत जाते, उल्हास वसईच्या खाडीत. नदीत जलपर्णी जे सांगते, तेच खाडीच्या तोंडाशी उल्वा सांगते. जलपर्णी काढून टाकण्याचे ठेके निघतात; ती वाढविणाऱ्या नाल्याचा बंदोबस्त मात्र पुढच्या वर्षावर जातो. उल्वेच्या बाबतीत आपण हेच करणार असू, तर किनारा दरवर्षी खरवडावा लागेल.

म्हणून माझी विनंती साधी आहे. पुढल्या हिवाळ्यात आपण किंवा आपली मुले समुद्रावर जाल, तेव्हा उल्वेचे एक पाते हाती घ्या. मालवणच्या सागरी अभयारण्यासारख्या राखीव ठिकाणी मात्र काहीही तोडू नका. तेथे पाहणे पुरे. इतरत्र वाहून आलेले पाते चालेल. थाळीत समुद्राचेच पाणी घेऊन त्यात ते तरंगू द्या, खालून जाड पांढरा कागद सरकवा, आणि पाते उलगडलेले असतानाच कागद हलकेच वर उचला. त्यावर मलमलीचे फडके घालून वर्तमानपत्राच्या घड्यांत, वजनाखाली ठेवा; घड्या रोज बदला. पाते आपल्याच चिकटपणाने कागदाला धरून वाळते आणि वर्षानुवर्षे टिकते. कोपऱ्यात ठिकाण, तारीख आणि तिथी लिहा. जवळपास नाला, ओढा किंवा झरा असेल, तर तेही लिहा. दरवर्षी त्याच ठिकाणचे असे एक पान ठेवले, आणि तेथे उल्वा वाढली की घटली, हे दोन ओळींत नोंदले, तर दहा वर्षांनी त्या किनाऱ्याच्या पाण्याविषयी सांगण्यासारखे पुष्कळ आपल्या हाती असेल. पूर्वीच्या अभ्यासकांनीही सुरुवात अशाच कागदांपासून केली होती.

एवढे करून पाहावे, असे सुचवून मी आपली रजा घेतो.